खिशातले पिस्तूल

लपवून बाळगावयाच्या शस्त्राला आपल्या भाषेत एक जुना आणि नेमका शब्द आहे : गुप्ती. दिसावयास हातातली साधी काठी, आत पोलादाचे पाते. तलवार कमरेला लावून दरबारात जाता येते, भाला खांद्यावर टाकून मिरवणुकीत चालता येते. परंतु गुप्तीचा सारा गुण ती कोणाला दिसत नाही यातच असतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली मुठीत दडलेली वाघनखे याच जातीची, हे आपल्याकडील शाळकरी पोरही सांगेल. शस्त्र लहान आणि लपलेले असले, की त्याच्या धारेआधी ते बाळगणाऱ्याच्या मनात काय आहे हा प्रश्न उभा राहतो.

गुप्तीच्या आधुनिक वारसाशी, म्हणजे खिशात मावणाऱ्या पिस्तुलाशी, माझा परिचय फार उशिरा, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी झाला. आणि तोही सातासमुद्रापलीकडे, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरी. गेल्या उन्हाळ्यात मी तेथे भाचीकडे दीड महिना राहिलो होतो. ती औषधशास्त्र शिकलेली. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात तिला रात्रपाळी असते. मी जाण्याच्या थोडे आधी, एका पहाटे, मोटारी ठेवण्याच्या बहुमजली इमारतीत एक अनोळखी मनुष्य तिच्यामागून तीन मजले चढून आला होता. पुढे काही घडले नाही. परंतु ‘काही घडले नाही’ हे वाक्य ऐकणाराला जितके समाधान देते, तितके ते पुन्हा त्याच जिन्याने जावयाचे असणाऱ्या बाईला देत नाही. तिने पिस्तूल घ्यावयाचे ठरविले. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेक प्रौढांना ते परवान्यावाचून अंगावर बाळगता येते. तेव्हा अडचण कायद्याची दिसत नव्हती. अडचण भाचेजावयांची होती. सहा वर्षांचा मुलगा ज्या घरात खेळतो त्या घरात ही वस्तू त्यांना नको होती.

“मामा, तुम्ही जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलंत,” एके सकाळी चहाचा पेला माझ्यापुढे ठेवीत भाची म्हणाली, “आता मला एवढंच सांगा. पंचवीस घेऊ, बत्तीस घेऊ, तीनशेऐंशी घेऊ, की नऊ मिलिमीटर?”

प्रश्न आकड्यांत विचारला गेला म्हणजे प्राध्यापकाच्या जिवाला बरे वाटते. ‘घ्यावे की घेऊ नये’ या वादात नवराबायकोंच्या मध्ये बोलण्याचा मला अधिकार नव्हता. ‘कोणते घ्यावे’ यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसण्यास कोणाचीच हरकत नव्हती.

हे आकडे नळीच्या आतील व्यासाचे, ज्याला आपल्याकडे ‘बोअर’ म्हणतात त्याचे. पंचवीस म्हणजे इंचाचे पंचवीस शतांश. नवल असे, की यांपैकी पहिली तीन काडतुसे एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली आहेत. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतील यूटामध्ये १८५५ साली जन्मलेला, बंदुका घडविणाऱ्या बापाचा मुलगा. एकोणिसावे शतक मावळता मावळता त्याने बत्तीसचे काडतूस सिद्ध केले, १९०५ च्या सुमारास पंचवीसचे, आणि १९०८ साली तीनशेऐंशीचे बाजारात आले. नऊ मिलिमीटरचे काडतूस गेऑर्ग लुगर या ऑस्ट्रियन माणसाचे, १९०२ च्या सुमाराचे. म्हणजे जिच्यावरून आजही शस्त्रांच्या दुकानांत तासन्‌तास वाद चालतात, ती शिडी १९०८ सालीच पुरी झाली होती. पुढे दारू सुधारली, गोळीचा घाट सुधारला, पिस्तुले हलकी झाली. पायऱ्या त्याच राहिल्या. नावे मात्र फसवी आहेत. तीनशेऐंशी आणि नऊ मिलिमीटर यांच्या गोळीची जाडी एकच. फरक एवढाच, की एकाचे पितळी नळकांडे सतरा मिलिमीटर लांब, दुसऱ्याचे एकोणीस, आणि दुसऱ्यात दारूचा दाब पुष्कळ अधिक. म्हणून युरोपात तीनशेऐंशीला ‘आखूड नऊ’ असेच म्हणतात.

मी तिला कोष्टक करून दिले. पंचवीसची गोळी वजनाने सुमारे सव्वातीन ग्रॅम, बत्तीसची साडेचार, तीनशेऐंशीची सहा, नऊ मिलिमीटरची साडेसात ते आठ. नळीतून सुटताना त्यांच्या अंगची ऊर्जा अनुक्रमे सुमारे ९०, १७५, २६० आणि ४६० ज्यूल. खिशातल्या आखूड नळीत ती काहीशी घटते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पाचपटीची चढण. बावीस बोअरचे काडतूस याहून स्वस्त; परंतु त्यात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत पसरलेले असते आणि ते कधी कधी पेटतच नाही. ब्राउनिंगने पंचवीसमध्ये ते मधोमध बसविले, त्याचे कारण हेच.

‘अधिक ऊर्जा ती अधिक चांगली गोळी’ असे विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तर मी त्याला निम्मे गुण देईन. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयचे अधिकारी आणि दोन दरोडेखोर यांची चकमक झाली. तीत दोन अधिकारी मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराच्या छातीत नऊ मिलिमीटरची गोळी आरंभीच शिरली होती. पण ती हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो लढतच राहिला. या अनुभवावरून त्या खात्याने मांसासारख्या मऊ जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच गेली पाहिजे अशी कसोटी ठरविली, आणि थोरले दहा मिलिमीटरचे काडतूस हाती घेतले. ते पुष्कळांच्या हाताला झेपेना. म्हणून १९९० साली त्याचेच आखूड रूप, चाळीसचे, निघाले. आणि सुमारे २०१५ साली ते खाते पुन्हा नऊ मिलिमीटरवर येऊन स्थिरावले. मधल्या काळात गोळ्यांची घडण सुधारली होती हे खरे. परंतु या वळशाचे सार एवढेच, की गोळी किती मोठी यापेक्षा ती कोठे लागली आणि किती खोल गेली याला महत्त्व अधिक. खिशातल्या तीनशेऐंशीची अडचणही येथेच आहे. तिची गोळी आत जाऊन फुलली, तर पुष्कळदा खोल जात नाही. आणि खोल गेली, तर फुललेली नसते.

कोष्टक झाल्यावर आम्ही दुकानात गेलो. परदेशी पाहुण्याला तेथे शस्त्र बाळगण्यास कायद्याची आडकाठी असते. म्हणून मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. दुकानदार पिकल्या केसांचा, एके काळी सैन्यात असलेला, बोलण्यात मोठा अदबशीर मनुष्य होता. शेजारीच नेमबाजीची बंदिस्त जागा होती, आणि तेथे पिस्तुले भाड्याने मिळत. भाचीची नजर साहजिकच सर्वांत लहानांकडे गेली. बत्तीसचे एक पिस्तूल दोनशे ग्रॅमांच्याही आत भरत होते. रूगर कंपनीने २००८ साली काढलेले तीनशेऐंशीचे पिस्तूल सुमारे पावणेतीनशे ग्रॅमांचे. त्यांच्यापुढे सिग सावर कंपनीचे २०१८ सालचे, दहा गोळ्या मावणारे नऊ मिलिमीटर म्हणजे चांगला अर्धा किलो ऐवज.

आणि येथे न्यूटनचा तिसरा नियम आडवा आला. गोळी जितक्या नेटाने पुढे जाते तितक्याच नेटाने पिस्तूल मागे येते. आणि ते जितके हलके, तितके वेगाने येते. मी हिशेब केला, तो असा, की पाव किलोच्या पिस्तुलातील तीनशेऐंशी आणि अर्धा किलोच्या पिस्तुलातील नऊ मिलिमीटर यांच्या धक्क्यांत फारसे अंतर उरत नाही. उलट हलके पिस्तूल हाताला अधिक झटका देते. भाचीने सात यार्डांवरून पाच-पाच गोळ्या झाडल्या. लहानग्याच्या पाचांपैकी दोन कागदालाही लागल्या नाहीत, आणि आंगठ्याच्या मुळाशी हात लाल झाला. जुन्या धाटणीच्या एका देखण्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता पोलादी भाग, तिला ओढताच येईना. कारण त्या रचनेत स्फोटाचा सारा जोर केवळ स्लाइडच्या वजनाने आणि स्प्रिंगने थोपवून धरावयाचा असतो, आणि स्प्रिंग त्या मानाने ताठ ठेवावी लागते. अर्धा किलोच्या नऊ मिलिमीटरने मात्र तिसऱ्या खेपेस पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागल्या.

बाईमाणसाला लहान पिस्तूल बरे, असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात ते सरावलेल्या हाताचे शस्त्र आहे. नवख्याला ते बाळगावयास सर्वांत सोपे आणि चालवावयास सर्वांत अवघड. पण मोठ्यांच्या बाबतीत खरी असलेली ही गोष्ट लहानांच्या बाबतीत खरी नव्हती. काचेच्या कपाटातले ते पंचवीसचे इवलेसे पिस्तूल पाहताना माझ्या मनात आले, की हे घरच्या नातवाच्या मुठीत किती बेताने बसेल! तो विचार मी बोलून दाखविला नाही. भाचीही त्या कपाटापुढे फार वेळ थांबली नाही.

लहान बोअरला ‘दुबळे’ म्हणण्याची तेथे रीतच आहे. ते ऐकताना माझ्या मनाला इतिहास टोचत होता. १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकनवर झाडलेले पिस्तूल फिलाडेल्फियाच्या डेरिंजर नावाच्या कारागिराचे, मुठीत मावणारे, एकाच गोळीचे होते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होला जे झाडले गेले ते ब्राउनिंगच्याच आराखड्याचे, तीनशेऐंशीचे. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर ज्यातून तीन गोळ्या सुटल्या, ते बेरेटाही ‘आखूड नऊ’च होते. ते धरणारा हात मराठी होता, ही गोष्ट मराठी माणसाला कोणी सांगावी लागत नाही. या तीन घटनांवरून दुबळे बोअर पुरेसे असते असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. मारेकरी वेळ आपण निवडतो, अंतर आपण निवडतो, आणि समोरचा निःशंक असतो. स्वतःला वाचविणाऱ्याच्या बाबतीत वेळ आणि अंतर दुसऱ्याने निवडलेले असते. त्याचा हात कापत असतो, आणि समोरचा चाल करून येत असतो. शस्त्र तेच, परंतु लपविण्याचा जो गुण पहिल्याला सर्व काही देतो, तो दुसऱ्याला फारच थोडे देतो.

आपल्या देशात हा बोअरचा प्रश्न सरकारने परस्पर सोडविलेला आहे. लष्कराची नऊ मिलिमीटरची काडतुसे ज्यातून झाडता येतील अशी पिस्तुले सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळालेला गृहस्थ बहुधा बत्तीसच घेतो. दिल्लीतील २०१२ च्या भीषण अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्वर काढले, तेही बत्तीसचेच. त्याची किंमत लाखाच्या वर होती. ज्या बायका रात्री बसथांब्यावर उभ्या असतात, त्यांच्यापैकी कितीजणींना ते परवडावे!

दुकानातून निघताना त्या वृद्ध दुकानदाराने भाचीला सहज विचारले, “हे आपण नेणार कोठे?” रुग्णालयाचे नाव ऐकून त्याने मान हलविली. टेक्सासच्या कायद्यात रुग्णालयाच्या इमारतीत, लेखी संमतीवाचून, शस्त्र नेता येत नाही. मोटारी ठेवण्याची जागा त्या बंदीत येत नाही. म्हणजे पिस्तूल मोटारीत राहणार, आणि भीती होती ती तर मोटारीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची! आमच्या कोष्टकात सर्व रकाने होते; हा एक रकाना नव्हता.

त्या रात्री जेवताना भाचेजावई प्रथमच शांतपणे बोलले. “मला चोराची भीती कमी वाटते, मामा, घरातल्या वाईट दिवसाची जास्त वाटते.” त्या देशात २०२१ साली बंदुकांनी ४८,८३० माणसे मेली, त्यांतील २६,३२८ जणांनी ती स्वतःवरच चालविली होती. भाचीने उत्तर दिले नाही, तसा वादही घातला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, “त्या जिन्यात तुम्ही नव्हता.” दोघांचेही म्हणणे खरे होते. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांचा निवाडा कोणत्याही बोअरने होत नाही.

मला वाटते, बोअरचा प्रश्न माणसे सर्वांत आधी विचारतात, याचे कारण तो सर्वांत सोपा आहे. त्याला आकडा आहे, आणि आकड्याला उत्तर आहे. माझे उत्तर मी भाचीला सांगितलेही, की घ्यावयाचेच असेल तर जे तुझ्या हाताने नेम धरते ते, म्हणजे अर्धा किलोचे नऊ मिलिमीटर. परंतु ते नेमके कोठे आणि कोणत्या क्षणी उपयोगी पडेल, दिवसाचे उरलेले तेवीस तास ते कोणाच्या हाताशी असेल, आणि माणसावर चाप ओढण्याचे मन आपल्यापाशी आहे काय, या तीन प्रश्नांना आकडे नाहीत. क्रमाने पाहता ते आधीचे प्रश्न आहेत.

परवा भाचीचा दूरध्वनी आला. तिने आणि रात्रपाळीच्या आणखी चौघीजणींनी अर्ज केल्यावर रुग्णालयाचा पहारेकरी आता त्यांना मोटारीपर्यंत पोहोचवावयास येतो. एक रविवार आड ती नेमबाजी शिकावयास जाते. पिस्तूल भाड्याचे, नऊ मिलिमीटरचे. घरी अजून काही आणलेले नाही.

“मग, घेणार की नाही?” मी विचारले.

“ते अजून ठरलं नाही, मामा. पण काय काय ठरवायचं आहे, ते आता आम्हा दोघांनाही कळलंय.”