ट्रेंड गुरुजी

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘ट्रेंड मास्तर’ हा शब्द अजून ऐकू येतो. सातवीची फायनल देऊन थेट शाळेवर लागलेला तो अनट्रेंड आणि ट्रेनिंग कॉलेज करून आलेला तो ट्रेंड. पगारात फरक असायचा, मानातही असायचा. गावाच्या हिशेबात ट्रेंडचा अर्थ सोपा होता: या माणसाला पोरांना कसं शिकवायचं ते शिकवलेलं आहे.

आज अनट्रेंड माणूस सरकारी शाळेत शिक्षक म्हणून लागूच शकत नाही. डी.एड. (आता त्याला डी.एल.एड. म्हणतात) किंवा बी.एड., त्यावर टीईटी, त्यावर अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. एवढ्या चाळण्यांतून गाळून आलेला माणूस वर्गासाठी तयार असायला हवा. पण मी वीसएक वर्षं शिकवतोय, दरवर्षी नवे शिक्षक येताना पाहतोय आणि पहिल्या महिन्यात बहुतेकांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न वाचतोय: हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?

माझं म्हणणं असं, की त्यांना सांगितलेलं पुष्कळ असतं. फक्त ते सगळं ‘पाठा’बद्दल असतं. वर्ग ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची तयारी आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

मी डी.एड. केलं ते २००४ ते २००६ या काळात. तेव्हा बारावीला बरे मार्क पडले की घरचे डी.एड.चा फॉर्म आणून पुढ्यात ठेवत. दोन वर्षांत हाताशी नोकरी. तीही आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तीन हजार रुपये मानधनावर. पण अब्बांच्या दृष्टीने मुलगा ‘सरकारी मास्तर’ होणार, एवढं पुरेसं होतं.

कॉलेजात सुरुवात झाली सूक्ष्म अध्यापनाने. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. आपल्याकडे एनसीईआरटीने तिचं ३६ मिनिटांचं चक्र बसवलं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, मग परत सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळ्यावर लिहिणं. समोर विद्यार्थी म्हणून आमचेच वर्गमित्र बसत आणि पाचवीतली पोरं असल्याचं सोंग आणत. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. आज माझं फळ्यावरचं अक्षर एका ओळीत जातं, मी एका दमात तीन प्रश्न विचारत नाही, हे तिथलंच देणं.

मग आले सराव पाठ. शहरातल्या एका मोठ्या शाळेत आम्हाला नेत. हर्बार्टच्या शिष्यांनी घडवलेल्या पाच पायऱ्या शंभराहून जास्त वर्षांनी आमच्या पाठ टाचणाच्या वहीत येऊन बसल्या होत्या. प्रस्तावना, हेतुकथन, मग विषयाचं विवेचन, शेवटी उपयोजन आणि गृहपाठ. टाचणाच्या पानावर रकाने असत. एका रकान्याचं नाव ‘अध्यापक कृती’, शेजारच्याचं ‘विद्यार्थी कृती’. हा दुसरा रकाना आम्ही आदल्या रात्री वसतिगृहात बसून भरायचो. मूल काय उत्तर देईल, ते मुलाला भेटण्याआधीच लिहून मोकळे. आणि गंमत म्हणजे उत्तरं तशीच यायची, कारण त्या शाळेतली पोरं सराव पाठांना सरावलेली होती. मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेल्या प्राध्यापकांना काय हवं असतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. प्रस्तावनेचा तिसरा प्रश्न विचारेपर्यंत एखादा पोरगा हळूच सांगायचा, “सर, आज पाणी घटक ना?”

अशा पाठांना चांगले गुण मिळवून मी नोकरीला लागलो. शाळा बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एका तांड्यावरची. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पहिली आणि तिसरी माझ्याकडे, दुसरी आणि चौथी मुख्याध्यापिका बाईंकडे. वर्गखोल्या दोन.

आता टाचण कुठलं काढायचं? पहिलीला ‘क’ शिकवताना तिसरीने पस्तीस मिनिटं काय करायचं, यासाठी त्या पानावर रकानाच नव्हता. कुणी म्हणेल, हा अपवाद झाला. तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय, की पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक. म्हणजे लहान शाळेत एका शिक्षकाकडे एकाहून जास्त वर्ग असणार हे कायद्याने धरूनच चाललेलं आहे. खेड्यापाड्यांत, तांड्या-वाड्यांवर हीच नेहमीची शाळा आहे. तरी दोन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये असे दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवण्याचा एकही पाठ मी दिला नव्हता. ‘बहुवर्ग अध्यापन’ या नावाचं एक प्रकरण होतं, ते परीक्षेला पाच गुणांना येई.

दुसरी गोष्ट भाषेची. माझ्या घरची बोली दखनी. मराठी मी शाळेत शिकलो आणि तिच्यावर जीव जडला. तांड्यावरच्या मुलांची बोली गोरमाटी. त्यांची आई ‘याडी’, त्यांची भाकर ‘बाटी’. पहिलीतल्या मुलीला आईचं चित्र दाखवून ‘आ आईचा’ म्हणवून घ्यायचं, तर ती चित्राकडे बघून ठामपणे ‘याडी’ म्हणणार. ती बरोबरच बोलत होती. कॉलेजात ‘मातृभाषेतून शिक्षणाचे महत्त्व’ यावर मी आठ पानी निबंध लिहिला होता. पण ज्या वर्गात शिक्षकाची मातृभाषा एक, मुलांची दुसरी आणि पुस्तकाची तिसरी, तिथे सोमवारी सकाळी काय करायचं, हे त्या आठ पानांत नव्हतं.

तिसरी गोष्ट कोयत्याची. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाचे ट्रक-ट्रॅक्टर येत आणि तांडा ऊसतोडीला निघे. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली काही पोरं शाळेत उरत, बाकीची फडावर जात. मार्च-एप्रिलात ती परतत, तेव्हा अक्षरं विसरलेली असत आणि परीक्षा दारात उभी असे. वार्षिक नियोजनाचा तक्ता मी कॉलेजात सुबक आखायला शिकलो होतो. जून ते एप्रिल, घटक, तासिका, सगळं. अर्धा वर्ग मधले पाच महिने गावातच नसतो, हे त्या तक्त्याला कसं सांगणार?

मग मी शिकलो कुठे? एक तर बाईंकडे. त्यांची नोकरी तेव्हा वीस वर्षांची झाली होती. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “सर, आधी तिसरीच्या हाताला काम द्या, मगच पहिलीकडे वळा. आणि लहान्यांत ज्याला दोन्ही बोल्या येतात, त्याला जवळ बसवा.” त्या स्वतः माझ्या वर्गाच्या दारात उभं राहून पाच-दहा मिनिटं बघत. मधल्या सुट्टीत एखादंच वाक्य बोलत. “त्या कोपऱ्यातलीला आज एकदाही विचारलं नाही.” वही नाही, गुण नाहीत, शेरा नाही. माझ्या आयुष्यातलं खरं प्रत्याभरण ते.

दुसरी शिकवणी फार जुनी, लहानपणी पाहिलेली. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत संध्याकाळी मकतब भरायचा. तीस-पस्तीस पोरं, पाच वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, एकाच चटईवर. कुणी कायद्याच्या पहिल्या पानावर, कुणी कुरआनच्या दहाव्या पाऱ्यात. मौलवीसाहेबांनी कुठलंही ट्रेनिंग घेतलेलं नव्हतं. पण प्रत्येकाचा सबक वेगळा होता. ज्याचा झाला तो पुढे, ज्याचा कच्चा राहिला तो उद्या पुन्हा तोच. मोठ्या पोराने लहान्याचा सबक ऐकायचा, मग मौलवीसाहेबांपुढे जायचं. त्या मकतबात छडी होती, अर्थ न सांगता घोकंपट्टी होती. ते मला शाळेत नको होतं. पण वेगवेगळ्या पायरीवरची मुलं एकाच चटईवर कशी शिकतात, हे मी तिथे रोज पाहिलं होतं. तांड्यावर मी तेवढं उचललं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेत मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवण्याची रीत वापरली आणि पुढे इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरात तिच्यावर टीप लिहून मी गुण मिळवले होते. तीच रीत लहानपणी मशिदीच्या चटईवर पाहिली होती आणि उद्या वर्गात कामाला येणार आहे, हे मात्र त्या पेपरात कुणी जोडून दाखवलं नाही.

हे माझ्या नशिबाचं झालं. ज्याला बाईंसारखी सहकारी मिळाली नाही, त्याचं काय? आणि त्याच्या वर्गातल्या मुलांचं काय? मास्तर दोन-तीन वर्षांत ठेचा खात शिकतो, पण त्या दोन-तीन वर्षांत पहिलीचं मूल तिसरीत गेलेलं असतं. वाचायला शिकण्याचं त्याचं वय परत येत नाही.

आता सरकारी बाजू. २०१२ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने शिक्षक प्रशिक्षणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला अहवाल दिला. हा आयोग महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून नेमला गेला होता. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचाच दाखला देऊन म्हटलं, की देशातल्या दहा हजारांहून जास्त एकेकट्या प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य गंभीरपणे शिक्षक घडवतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. आपल्याकडे डी.एड. कॉलेजांचं पीक आलं तेव्हा आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. २०१२ नंतर शिक्षकभरती काही वर्षं जवळजवळ बंद राहिली आणि त्यातली कितीतरी कॉलेजं ओस पडली. डी.एड. झालेली पोरं-पोरी खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर, नाहीतर दुकानांत कामाला लागली.

सुधारणा झाल्या नाहीत असं नाही. २०१५ पासून बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं, शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा झाला. कागदावर हे उत्तमच. आता मी तालुक्याच्या गावी शाळेत आहे, आमच्याकडे छात्राध्यापक येतात. शाळेत शिक्षकांची पदं रिकामी, त्यामुळे त्यांना पहिल्या दिवसापासून मोकळ्या वर्गावर बसवलं जातं. कॉलेजला हवे असतात अहवाल, उपक्रमांचे फोटो, सही-शिक्का. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीची फाइल पाहण्यासारखी होती, रंगीत पेनांनी सजवलेली. पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली. “सर, चौथीतल्या एका मुलाला वाचताच येत नाही. त्याच्यासाठी कुठला पाठ घेऊ?” मी म्हटलं, “पाठ नको बेटा. आठ दिवस रोज वीस मिनिटं त्याच्याजवळ बस. तो कुठं अडतो ते नुसतं लिहून आण.” तिने आणलं. पोराला सुटी अक्षरं येत होती, काना-मात्रा लागली की अडत होता. त्या चिठोऱ्यावरच्या चार ओळी तिच्या फाइलीत कुठेच बसत नव्हत्या, कारण तशा नोंदीसाठी प्रपत्र नव्हतं.

मग टीईटी. २०१३ पासून आपल्या राज्यात ही परीक्षा आहे. दीडशे प्रश्न, दीडशे गुण. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत पास होणं बंधनकारक केलं. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला. माझे अनेक मित्र हवालदिल आहेत. परीक्षा नको असं मी म्हणत नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याने तो शिकवू नये. पण चार पर्यायांतून पियाजेच्या अवस्था ओळखणारा माणूस त्या चौथीतल्या मुलाजवळ बसेल की नाही, हे ओएमआर शीट सांगू शकत नाही.

डॉक्टरला पदवीआधी वर्षभर इस्पितळात वरिष्ठांच्या नजरेखाली काम करावं लागतं. शिक्षकाला मात्र आपण पहिल्याच दिवशी दोन वर्गांच्या किल्ल्या देतो. माझं मागणं मोठं नाही. सराव पाठ ज्या प्रकारच्या शाळेत उद्या नोकरी लागणार आहे, तिथे व्हावेत: दोनशिक्षकी शाळेत, तांड्यावर, मनपाच्या उर्दू शाळेत. नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष एखाद्या मुरलेल्या शिक्षकाच्या सोबतीने जावं आणि त्या मुरलेल्याला त्यासाठी वेळ आणि मान मिळावा. हे आपल्याला जमतं. २०१५ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांचे शिक्षक काय करतात, ते त्यांनी चालू वर्गात बसून पाहिलं. हॉलमधल्या स्लाइडांपेक्षा ते जास्त लक्षात राहिलं, असं तिथे जाऊन आलेले सहकारी आजही सांगतात.

आमच्या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या सेवापुस्तकात किती नव्या शिक्षकांना त्यांनी घडवलं याची नोंद नाही, कारण तसा रकाना तिथेही नसतो. तो रकाना आधी आखा. ट्रेनिंगचं बाकीचं काम तिथूनच सुरू होईल.