मांजरीची संमती

मोठ्या कुत्र्याची हौस बहुधा लहान घरांत राहणाऱ्या माणसांनाच फार असते. ज्यांच्या वाड्यांना चौक, परसू आणि ऐसपैस ओसरी होती, त्यांच्या दाराशी गल्लीतलाच एखादा पिवळा कुत्रा भाकरीच्या चतकोरावर जन्म काढीत असे. आणि तीन खोल्या व हातभर अंगण एवढाच संसार असलेल्या आमच्यासारख्यांना मात्र वासराएवढे जनावर बैठकीच्या खोलीत पसरलेले पाहावे असे वाटते. या हौसेच्या मुळाशी काय असावे? मला वाटते, सामर्थ्य असून ते न वापरणाऱ्याविषयी आपल्याला जे आकर्षण असते तेच. वीतभर कुत्रा सभ्यपणे वागला तर त्याचे आपण काही विशेष मानीत नाही. पण एका झेपेत आपल्याला लोळवू शकणारा कुत्रा जेव्हा पोराच्या मुठीत आपला कान देऊन स्वस्थ बसतो, तेव्हा आपण विरघळतो.

हे काव्य माणसांना कळते. आमच्या मनीला ते कळण्याचा संभव नव्हता. मनी तेरा वर्षांची आहे. म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या नातीहून या घरात ती ज्येष्ठ आहे. तिच्याखेरीज नातीचे दोन ससे आहेत. त्यामुळे घरात मोठा कुत्रा आणावयाचे ठरले त्या दिवसापासून मी एकच मुद्दा धरून बसलो होतो. कुत्रा आम्हांला कितपत आवडतो हा प्रश्न दुय्यम. त्याच्या सौम्यपणाची परीक्षा घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत भित्रे जनावर करील, आपण नव्हे.

नातीचा कौल सेंट बर्नार्डला होता. गळ्यात लहानसे पिंप बांधलेल्या त्या कुत्र्याचे चित्र तिने कोठेतरी पाहिले होते. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, जो मठ आहे तेथले हे कुत्रे. त्यांतला बॅरी हा 1800 ते 1814 या काळातला. बर्फात सापडलेल्या चाळीसांहून अधिक वाटसरूंचे प्राण वाचविल्याचे श्रेय त्याला देतात, आणि त्याचा पेंढा भरलेला देह बर्न येथील संग्रहालयात आहे. पिंपाची कथा मात्र चित्रकाराची. लँडसियर नावाच्या, विशीही न गाठलेल्या इंग्रज चित्रकाराने 1820 साली आपल्या चित्रातल्या कुत्र्याच्या गळ्यात ते बांधले, आणि तेव्हापासून ते सुटले नाही. “मग आजोबा, त्याच्या गळ्यात खरे काय असायचे?” असे नातीने फार हिरमुसून विचारले. पण या जातीविरुद्धचा खरा आक्षेप पिंपाचा नाही, उन्हाचा आहे. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. त्यात साठ-सत्तर किलोंचा देह आणि वर बर्फासाठी विणलेली दुहेरी लोकर! पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा जनावराला येथे आणून थंड हवेच्या यंत्रासमोर जन्मभर डांबून ठेवणे याला आवड म्हणावे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चिरंजीवांचा ओढा ग्रेट डेनकडे. रानडुकरांच्या शिकारीसाठी जर्मनीत घडविलेले हे कुत्रे घरात पुष्कळदा खरोखरच शांत असतात, हे मी मान्य करतो. परंतु येथे एक अशी गोष्ट आडवी येते की जी कुत्रे विकणारे सहसा बोलून दाखवीत नाहीत. कुत्र्यांत जितका देह मोठा तितके आयुष्य तोकडे. 2013 साली चौऱ्याहत्तर जातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरीने प्रत्येक दोन किलो वजनामागे आयुष्याचा सुमारे एक महिना घटतो असे दिसून आले. ग्रेट डेनला बहुधा आठ-दहा वर्षे मिळतात. आज आठ वर्षांची असलेली मुलगी मॅट्रिकच्या अभ्यासाला बसेल त्या सुमारास तिचा सोबती म्हातारा होऊन उठेनासा होईल. मरण मुलांपासून लपवावे असे मी म्हणत नाही. पण ते पिलाबरोबरच घरी येते, एवढे हिशेबात धरावे.

आमच्या एका शेजाऱ्यांनी आपल्याच मातीतली जात घ्या म्हणून मुधोळ सुचविला. मला स्वतःला हा कुत्रा मनापासून आवडतो. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तो जोपासला. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत तो आहे. आणि आपल्या उन्हाची त्याला तमा नाही. तथापि पळत्या सशावर नजर ठेवून वाऱ्यासारखे सुटावे याचसाठी त्याचा हाडन्‌हाड घडलेला. सशांच्या घरी त्याला आणणे म्हणजे सशांचाच नव्हे, त्याचाही छळ.

राहता राहिले रिट्रिव्हर. स्कॉटलंडमध्ये गुइसाकन येथे लॉर्ड ट्वीडमथ याने 1868 साली पिवळा रिट्रिव्हर आणि पाणकुत्री यांच्या संकरातून सोनेरी जातीचा पाया घातला. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणारे. दोघांचेही काम पडलेला पक्षी दात न लावता धन्याच्या हातात आणून देणे. तोंडात घास असूनही तो चावावयाचा नाही, हा संयम पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला. एका स्नेह्यांच्या लॅब्रॅडॉरने मांजराचे पिलू तोंडात धरून बाईसाहेबांपुढे अलगद ठेवल्याचे मी पाहिले आहे. पिलाला ओरखडाही नव्हता. मात्र ते नखशिखान्त भिजले होते आणि त्याचे मत काय झाले ते सांगता येत नाही.

पण जातीवर तरी किती भिस्त ठेवावी? 2022 साली अमेरिकेतल्या अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास झाला. कुत्र्या-कुत्र्यांतल्या वर्तनभेदांपैकी जातीने उलगडणारा भाग सुमारे नऊ टक्केच भरला. बाकीचे ज्याच्या-त्याच्या पिंडाचे आणि वाढीचे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतच्या दिवसांत पिलू ज्यांच्या सहवासात असते, त्यांना ते आपले मानू लागते. राखणीच्या कुत्र्याचे पिलू मेंढपाळ कोकरांतच वाढवितात ते याचसाठी.

दत्तगुरूंच्या तसबिरीत गाय आणि चार कुत्रे एकत्र सुखाने नांदतात. त्या कुत्र्यांना चार वेद मानलेले आहे, तेव्हा त्यांच्या वर्तनाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या घरी येणारे जनावर मात्र अपौरुषेय नसते. ते कोठून आले, त्याची आई कशी होती, हे विचारावेच लागते. आम्ही पिले पाहावयास गेलो तेथील गृहस्थ हा प्रश्न ऐकून हसले. “अहो, अगदी गरीब आहे,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत. मराठीत ‘गरीब’ हा शब्द फार फसवा आहे. कोपऱ्यात मान टाकून पडलेले ते पिलू गरीब नव्हते, आजारी असावे. सौम्य कुत्रा जागा असतो, कुतूहलाने जवळ येतो, मांजर फिस्कारले की पाहतो आणि मान वळवितो. ही मान वळविणे मला हवी होती, आणि ती दोन महिन्यांच्या पिलात दिसत नाही.

म्हणून अखेर परदेशी निघालेल्या एका परिचित कुटुंबाची चार वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आमच्याकडे आली. वजन एकोणतीस किलो. आजवरचा जन्म एका बोक्याच्या धाकात गेलेला. पहिला आठवडा दोघींच्यामध्ये बंद दार होते. केवळ एकीच्या अंथरुणाचा तुकडा दुसरीकडे जाई. मग दार उघडले, पण पट्टा सुनेच्या हातात आणि मनीला कपाटाच्या माथ्यावर जाण्याची वाट मोकळी. मनीने पाच दिवस ते कपाट सोडले नाही. कुत्रीने वर पाहिले, शेपूट हलविले, आणि मान वळविली. त्याच शेपटीने तिपाईवरच्या दोन कपबश्या खाली आणल्या, ती गोष्ट निराळी.

आता मनी खाली उतरते. तिची ताटली मात्र कपाटावरच ठेवावी लागते. लॅब्रॅडॉरांपैकी सुमारे चतुर्थांशांत भूक शमू न देणारा एक आनुवंशिक दोष असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली आढळले. आमची कुत्री त्या चतुर्थांशांतली आहे याविषयी सुनेला तिळमात्र शंका नाही. सशांच्या खोलीचे दार बंदच असते आणि ते तसेच राहणार; तेथे मी कोणाच्याही सौम्यपणावर विसंबावयास तयार नाही. चिरंजीव अजून अधूनमधून ग्रेट डेनची छायाचित्रे दाखवितात. मी ती पाहतो, आणि मनीकडे बोट दाखवितो.