नुसती सुई

उत्तरपत्रिका तपासण्याचा हंगाम सरता सरता उजव्या खांद्याच्या पात्याखाली एक गाठ येऊन बसली. शेक, बाम, वेदनाशामक गोळ्या असे सगळे सोपस्कार झाले. फळ्यावर हात उंचावणे जमेना, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने सुई सुचवली. औषध कोणते, असे विचारल्यावर म्हणाली, "औषध नाही मॅडम. नुसती सुई."

या 'नुसती'वर माझा विश्वास बसायला वेळ लागला. आखडलेल्या स्नायूत सुई खुपसून तो सैल करण्याच्या या पद्धतीला 'इन्ट्रामस्क्युलर स्टिम्युलेशन' हे नाव आणि तात्त्विक बैठक दिली ती कॅनडातील व्हँकूव्हरचे डॉ. चॅन गन यांनी, १९७० च्या दशकात. त्यापूर्वी अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल (अध्यक्ष केनेडींच्या पाठीवर उपचार करणाऱ्या त्या याच) अशा गाठींत बधिरतेचे औषध टोचत असत. पुढे प्रागच्या कारेल लेवित यांनी १९७९ मध्ये दाखवले, की सुई नेमक्या दुखऱ्या बिंदूवर पोचली तर औषधावाचूनही आराम पडतो. गन यांच्या मते दुखण्याचे मूळ बहुधा मणक्याशी, मज्जातंतूच्या मुळाशी असते. म्हणून खांद्याच्या दुखण्यासाठी माझ्या मानेलगतही सुया टोचल्या गेल्या.

सुई केसाएवढी बारीक. कातडीतून गेल्याचे फारसे कळत नाही. पण गाठीपाशी पोचताच स्नायू स्वतःहून उसळतो, गळाला लागलेल्या मासोळीसारखा, आणि सुई आवळून धरतो. क्षणभर जीव घाबरा होतो. मग ती पकड आपोआप ढिली पडते. नंतर दोन दिवस ठसठस राहिली, पण मान वळू लागली. अर्थात सगळे श्रेय सुईला देणार नाही. या उपचाराने थोड्या काळापुरता आराम पडतो याला पुरावा आहे, दीर्घकाळाबद्दल तो बराच तोकडा आहे. शिवाय छातीच्या भागात अडाणी हाताने सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि मी त्याच सुमारास टेबलाची उंचीही बदलली होती.

पण मला लिहायचे आहे ते पहिल्या दिवशीच्या एका प्रश्नाबद्दल. "दुखतं म्हणजे कसं दुखतं?" तिने विचारले होते. वीस वर्षे मराठी शिकवणारी मी म्हणाले, "म्हणजे... दुखतं." रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात वेदना मोजण्याची जी प्रश्नावली केली, तिच्यात ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत. आमच्या घरी अशी प्रश्नावली आईच्या तोंडी होती. दाढ ठणकायची, पोटात कळ यायची, पोटरीत गोळा चढायचा, कमरेत चमक भरायची. यातला एकही शब्द ती दुसऱ्याच्या जागी वापरत नसे.

२००९ साली तिला साताऱ्यात डॉक्टरांकडे नेले. ती सांगू लागली, "पाठीत उसण भरलीया, अन् मग हाताला रग लागतीया." डॉक्टर घाईत होते. मला, खरे सांगायचे तर, तिच्या बोलण्याची लाज वाटली. मी मध्येच म्हणाले, "बॅकपेन आहे." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. कुठून कुठे, आधी काय, मग काय, हे सगळे तिने सांगितले होते. ते त्या एका शब्दात नाहीसे झाले. त्यानंतर ती मलाही नुसते "दुखतंय" एवढेच सांगू लागली.

तिसऱ्या बैठकीला मी पालथी झोपले असताना फिजिओथेरपिस्टने पुन्हा विचारले, "आज कसं आहे?"

"सणक गेली. आता नुसती रग आहे."

"रग म्हणजे?"

हात फार वेळ वर धरून ठेवला की भरून येतो, जड होतो, तसे. तिने दोन बोटांनी खांदा चाचपून पाहिला. "मग आज सुई नको," म्हणाली, आणि मला उठवून आरशासमोर खांदे फिरवायला उभे केले.