उपचार करणारे एकमेकांशी बोलू लागले तेव्हा

बाबांना पहाटे लकव्याचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. आम्ही नेरुळला राहतो, हॉस्पिटल जवळ होतं. वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. खरी दमछाक घरी आणल्यावर सुरू झाली.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या, फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि आहार असं लिहिलेलं होतं. प्रत्येकासाठी वेगळा माणूस. फिजिओथेरपिस्ट सकाळी घरी यायचे. स्पीच थेरपीसाठी वाशीला जायचं. आहारतज्ज्ञ फोनवर सांगायच्या. दिवसभर बाबांना सांभाळायला ब्यूरोच्या मावशी असायच्या. सगळे मनापासून करत होते. पण एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

आहारतज्ज्ञांनी ताक, सरबत भरपूर द्यायला सांगितलं होतं. बाबांना प्रत्येक घोटाला ठसका लागायचा. स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत चमच्याने पाणी पाजून पाहिलं. गिळणं तपासणं हेही त्यांचंच काम असतं. लकव्यानंतर पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो, असं त्या म्हणाल्या. द्रव दाट करून आणि ताठ बसवूनच द्यायला सांगितलं. आहाराचा तक्ता पुन्हा लिहावा लागला.

तेवढ्यात दुसरी अडचण आली. व्यायामाला उभं केलं की बाबांना चक्कर यायची. फिजिओथेरपिस्टनी झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर ते खाली येत होतं. सकाळची बीपीची गोळी आणि व्यायाम लागोपाठ होत होते. मी आकडे न्यूरोलॉजिस्टना पाठवले. त्यांनी गोळीची वेळ बदलली. असा बदल आपल्या मनाने करू नये.

फिजिओथेरपिस्टची एक तक्रार होती. बाबा सांगितलेलं करत नाहीत. स्पीच थेरपिस्टना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘त्यांना लांब वाक्य कळत नाहीये. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि करून दाखवा.’ दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट हाताने खूण करून एवढंच म्हणाले, ‘बाबा, उठा.’ बाबा उठायला लागले. त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

मग आम्ही सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. मावशींनाही घेतलं.

पुढे हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत गेलो. ती केंद्र सरकारची, १९५५ सालची. पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, शिवाय स्प्लिंट-कॅलिपर बनवणारं वर्कशॉप, सगळं एकाच ठिकाणी. नेरुळहून गाडी केली, अख्खा दिवस गेला. पण पायाच्या स्प्लिंटचं माप झालं. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी उजवा खांदा दुखायचं कारणही सांगितलं. उठवताना तो हात ओढला जात होता. कमरेला पट्टा बांधून कसं उठवायचं, ते त्यांनी मावशींना दाखवलं.

तिथेच बाबांना विचारलं, आधी काय जमायला हवं? त्यांनी संडासाच्या दाराकडे बोट केलं. मग सगळ्यांचं काम त्याभोवती आलं. फिजिओथेरपिस्टनी बसून उठण्यावर भर दिला. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी कमोड उंच करायला आणि डाव्या हाताला दांडी बसवायला सांगितलं. स्पीच थेरपिस्टनी त्यासाठी चित्राचं कार्ड केलं. आता बाबा काठी घेऊन, कोणीतरी मागे असताना, तिथपर्यंत जातात. बोलणं अजून दोन-तीन शब्दांचंच आहे. चिडतातही. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडे जाणं चालू आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर डिस्चार्जआधीच गिळण्याची तपासणी मागा. सगळ्यांवर लक्ष ठेवणारे डॉक्टर कोण, ते विचारा. घरी येणाऱ्या थेरपिस्टची नोंदणी पाहा. स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्राच्या वेगळ्या परिषदेकडे. आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकमेकांचे फोन नंबर द्या.