आधी पाणी भर

साताऱ्याहून सांगलीकडं निघालेल्या पॅसेंजरनं ताकारी सोडलं की मी खिडकीकडं सरकतो. पुढचं स्टेशन किर्लोस्करवाडी. पूर्वीचं कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर इथं आले, तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेली ३२ एकर जमीन म्हणजे निवडुंगानं भरलेला माळ होता. त्या माळावर लोखंडी नांगर घडले. पुढं याच किर्लोस्कर नावाचे पंप कृष्णाकाठच्या मळ्यामळ्यात पोचले.

माझी नोकरीही पंपांशीच बांधलेली. डिप्लोमाची शाई वाळायच्या आत सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागलो. पहिल्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या एका मळ्यातून निरोप आला : मोटर फिरतेय, पाणी येत नाही. ऐटीत गेलो आणि पाने काढून पंप खोलला. इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, पुसला, बेअरिंग फिरवून पाहिलं, सगळं ठाकठीक. दुपारपर्यंत गोणपाटावर नटबोल्टांची रांग लागली. शेतकरी बांधावर बसून माझ्याकडं नि सुकणाऱ्या उसाकडं आळीपाळीनं बघत होता.

तेवढ्यात आमच्या दुकानातले अण्णा मिस्त्री सायकलवरून आले. त्यांनी पसारा बघितला, पण रागावले नाहीत. "जोड पयलं," म्हणाले. जोडून झाल्यावर म्हणाले, "आता आधी पाणी भर. आन् बघत बस."

पंपाच्या डोक्यावरच्या नरसाळ्यात मी बादली ओतली. पाणी काठोकाठ आलं, थरथरलं आणि हळूच, दिसेल न दिसेल असं, खाली उतरू लागलं. बोटभर. दोन बोटं. अण्णा बोलले नाहीत. नरसाळं रिकामं झालं तेव्हा मला कळलं, पंप भरलेला राहतच नाही. हवेत फिरणारा इंपेलर नुसती हवा ढवळतो. खोट वर नव्हतीच. नळीच्या तळाशी, नदीत बुडालेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये होती. वर आलेलं पाणी त्यानं माघारी जाऊ द्यायचं नसतं. नळी ओढून काढली, तर फाटक्या जाळीतून शिरलेलं उसाचं पाचट झडपेत अडकलेलं. वीतभर पाचट आणि माझी अर्धी दुपार!

परतताना अण्णा एवढंच म्हणाले, "खोलायच्या आधी इचारायचं. पंपालापण."

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळून किर्लोस्करवाडीत नांगर झाले, ही गोष्ट मी पुढं वाचली. वाचताना अण्णाच आठवले. लोखंड नाही, हे रडगाणं झालं. लोखंड जवळपास कुठं पडलंय, हा प्रश्न झाला. प्रश्न एवढा लहान केला की तो हातात मावतो.

आता मी साताऱ्यात असतो. परवा कोरेगावकडच्या एका विहिरीवरून आमच्या नव्या पोराचा फोन आला. "सर, पंपच गेलाय. खोलू का?"

"नरसाळ्यात पाणी थांबतंय का?" मी विचारलं.

पलीकडं बादलीचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मीही फोन कानाला लावून गप्प बसलो. दोन बोटं उतरायला तेवढा वेळ लागतोच.