रोकड हवी? मग पामतेल घ्या!

मुंबईच्या बँकेत असताना गणित सरळ होतं. संध्याकाळी पैसे कमी पडले की दुसऱ्या बँकेकडून रात्रीपुरते उचलायचे, सकाळी व्याजासकट फेडायचे. क्वालालंपूरला इस्लामी बँकेच्या ट्रेझरीत रुजू झालो आणि कळलं, इथे व्याजच वर्ज्य. मग रोकड आणायची कुठून? विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ‘‘पामतेल घ्या.’’

मला काही उमगेना. त्यांनी ‘बुर्सा सूक अल-सिला’ची स्क्रीन उघडली. हा बाजार २००९ साली याच कामासाठी सुरू झालेला. जादा पैसे असलेली बँक तिथे कच्चं पामतेल रोखीने घेते, नफा धरून आम्हाला उधारीवर विकते, आणि आम्ही ते लगेच बाजारात रोखीने विकतो. हाती रोकड, डोक्यावर ठरल्या तारखेचं देणं.

‘‘पण तेल आहे कुठे?’’ बाईंनी मालकीचं प्रमाणपत्र दाखवलं: किती टन, कोणाच्या मालकीचं, किती वाजल्यापासून. आधी मालकी, मगच विक्री. हा क्रम उलटला तर शरिया समिती व्यवहार रद्दबातल धरते आणि त्यातला नफा धर्मादायाला जातो. तेव्हापासून मी रकमेआधी वेळ वाचतो.

एवढा खटाटोप का, हे तुर्कस्तानचं उदाहरण वाचल्यावर पटलं. ठेवीदार कधीही पैसे मागू शकतो, घरासाठी दिलेले पैसे मात्र वर्षानुवर्षं अडकलेले. २०००-०१च्या आर्थिक संकटात तिथल्या इहलास फिनान्स या इस्लामी वित्तसंस्थेच्या ठेवीदारांनी पैशांसाठी धाव घेतली. त्या ठेवींना सरकारी हमीही नव्हती. २००१च्या फेब्रुवारीत तिचा परवाना गेला, आणि सामान्य माणसांची पुंजी अडकली.

तरीही एक पेच सुटत नाही. हा बाजार उघडला त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने असे आधीच जुळवून केलेले ‘तवर्रुक’, म्हणजे रोकडीसाठी उधारीवर माल घेऊन लगेच विकण्याचे व्यवहार, अमान्य ठरवले. मलेशियाच्या शरिया सल्लागार परिषदेला मात्र ते मान्य आहेत. मला अकादमीचा आक्षेप रास्त वाटतो: तेल कुणालाच नको असतं, हवी असते ती रोकड. पण उद्या सकाळी पैसे मागणाऱ्या ठेवीदाराला काय सांगायचं?

माझ्या मते उपाय अल्पमुदतीच्या सुकुकचा, म्हणजे गरज पडताच विकून रोकड करता येईल अशा इस्लामी रोख्यांचा आहे. इथल्याच ‘आयआयएलएम’ या संस्थेने २०१३ साली तीन महिने मुदतीचे ४९ कोटी डॉलरचे सुकुक पहिल्यांदा काढले. असे सुकुक सगळ्या इस्लामी बँकांना पुरतील इतके निघायला हवेत. तोवर दुपार कलली की मला पामतेलाचा भाव पाहावाच लागतो.