मालदांडीला तोडीस तोड

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात एक ज्वारी निवडून वेगळी काढली गेली. आसपासचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलेल्या मालदांडीतूनच ती निवडलेली होती, म्हणून तिचं नाव पडलं मालदांडी ३५-१. त्यानंतर गहू बदलला, भात बदलला, कापूस तर कितीदा बदलला. सोलापूर, मोहोळ, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला मात्र आजही मालदांडी उभी असते. रब्बी ज्वारीचा नवा वाण तयार झाला की तो आधी तिच्याशेजारी पेरून पाहावा लागतो.

खरिपात असं झालं नाही. परागवंध्य वाणाच्या मदतीनं ज्वारीचं संकरित बियाणं कसं तयार करायचं, हे अमेरिकेत टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी १९५४ साली दाखवलं. दहाच वर्षांत, १९६४ मध्ये, भारतात सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि खरिपाचं उत्पन्न वाढलं. मग रब्बीत हायब्रीड का रुजलं नाही?

कारण रब्बीची तऱ्हाच वेगळी. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते आणि पुढं पीक वाढतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. फुलोऱ्याच्या सुमारास रात्रीची थंडी पडते. अनेक संकरांत या थंडीनं परागकण अशक्त होतात आणि कणसात दाणा धरत नाही. दाणा भरायच्या वेळी ओल सरलेली असते. तेव्हाच खडखड्या येतो. या बुरशीजन्य रोगात ताटाचा बुंधा आतून पोकळ पडतो, आत काळी भुकटी दिसते आणि उभं ताट कोलमडतं.

त्याआधी खोडमाशीतून पार पडावं लागतं. ही बारीक माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली पांढरं, लांबट अंडं घालते. अळी पहाटे बाहेर पडते आणि पानावरच्या ओलाव्यावरून सरकत पोंग्यात शिरते. शेंडा आतून कुरतडला गेला की पोंगा वाळतो, ओढला तर अलगद हातात येतो. मालदांडीच्या रोपाची पानं चकचकीत असतात, त्यांवर सूक्ष्म लव असते. या पानांवर माशी अंडी कमी घालते आणि अळीची वाटही अवघड होते. खरिपाच्या संकरांच्या आई-बापांकडे ही ढाल नव्हती. त्यांच्याशी मालदांडीचा संकर केला की उत्पन्नाबरोबर हा नाजूकपणाही पदरात पडायचा.

संकराचं काम भारी चिकाटीचं आहे. ज्वारीचं कणीस वरून खाली उमलत जातं आणि फुलोरा काही दिवस चालतो. दुसऱ्या दिवशी उमलणारी फुलं संध्याकाळी हेरायची, सुईनं एकेका फुलातले तिन्ही परागकोश काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही आणि कणसावर कागदी पिशवी चढवायची. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. इतकं करून हाती येतात ते मूठभर दाणे आणि पुढं कित्येक पिढ्यांची निवड.

त्या निवडीत उत्पन्नाचा आकडा पुरेसा नसतो. खरिपाचा दाणा पावसात सापडून काळा पडतो. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत पिकतो, म्हणून तो टपोरा आणि मोत्यासारखा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागेही हा दाणा आहे. भाकरी थापताना कडा चिरली की घरची बाई तो वाण पुन्हा मागत नाही. शिवाय गोठ्याचा कौल वेगळा. कडबा जाड आणि राठ असेल तर जनावर तो नुसता तुडवतं. ज्वारीच्या पैदासकाराला या दोन्ही कसोट्या प्रयोगशाळेइतक्याच मानाव्या लागतात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं पुढं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. सगळ्या रानांना एकच वाण देण्याचा हट्ट सोडून त्यांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, भारी बागायतीला फुले रेवती. हुरड्यासाठी फुले मधुर वेगळा. उथळ मुरमाड रानात ओल लवकर संपते, तिथं लवकर निसवणारा वाणच तग धरतो.

आता जनुकांचीही साथ आहे. ज्वारीच्या दहा गुणसूत्रांचा आराखडा २००९ साली प्रसिद्ध झाला. बी-३५ नावाच्या, इथिओपियन मुळाच्या ज्वारीत ताण पडला तरी पानं हिरवी राखण्याचा गुण आहे. त्याचे जनुकीय भाग पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या शास्त्रज्ञांनी खुणांच्या मदतीनं रब्बी ज्वारीत उतरवले. पान हिरवं राहिलं तर दाणा भरत राहतो आणि खडखड्यालाही अटकाव होतो.

तरी आज शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळते ती काढणी. रब्बी ज्वारी हातानं मुळासकट उपटावी लागते. त्यासाठी मजूर मिळत नाहीत, म्हणून कित्येक रानांत ज्वारीऐवजी हरभरा येतो. यंत्रानं कापायला बुटका, एकसारख्या उंचीचा वाण सोयीचा. पण बुटक्या ताटाला कडबा कमी, आणि कडब्याच्या पैशावर ज्वारीचा हिशेब जुळतो. कडबा घटू न देता यंत्राला चालेल अशी उंची किती, हे नेमकेपणानं ठरवणं हे येत्या हंगामांतलं आम्हा पैदासकारांचं पहिलं काम आहे.